बास पिकअप किटमधील चुकीची तार व चुंबक बदलून मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्याकडून मागवलेल्या जॅझ बास गिटारच्या पिकअपच्या, म्हणजे स्ट्रिंगची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाच्या, किटमध्ये (नेक म्हणजे मानेकडचा आणि ब्रिज म्हणजे घोडीकडचा पिकअप, दोन कॉइल) तार आणि चुंबक चुकीचे आले आहेत. माहितीपत्रकही धड नाही.

आधी तार. रिळावर नुसते '42 गेज' छापले आहे. पिकअपला लागते ती एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचे अमेरिकन माप) 42, म्हणजे 0.0635 मिमी जाडीचे तांबे. रिळात निघाली एसडब्ल्यूजी (ब्रिटिश माप) 42, म्हणजे 0.1016 मिमी. मायक्रोमीटरच्या मापात इनॅमलही (तारेवरचा विद्युतरोधक थर) धरले जाते, म्हणून 10 मीटर तार उलगडून रोध मोजला. तो 54 ओहमच्या आसपास हवा होता, आला 21. या तारेने बॉबिन (तार गुंडाळायचा साचा) साडेतीन हजार वेढ्यांतच काठोकाठ भरली आणि मल्टिमीटरवर जेमतेम 1.2 किलोओहम दिसले. अशा कॉइलला साधारण 9,000 वेढे लागतात, रोध साडेसात किलोओहमच्या घरात जातो. वेढे निम्म्याहून कमी म्हटल्यावर सिग्नलही तितकाच पडतो, आणि अ‍ॅम्प वाढवून तो भरून काढायला गेले की खरखर वाढते. एसडब्ल्यूजीच द्यायची होती तर 46 नंबर (0.061 मिमी) त्यातल्या त्यात जवळचा होता. दोन मापांत गल्लत होते हे मान्य. पण पिकअपचे किट विकणाऱ्याकडून ती होऊ नये.

चुंबकांचे असे: अल्निको 5 (अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा चुंबकीय मिश्रधातू) च्या 16 कांड्यांपैकी आठांच्या गोलसर टोकाला उत्तर आणि आठांच्या दक्षिण ध्रुव असेल, असे वर्णनात आहे. होकायंत्रावर सगळ्या उत्तरच निघाल्या. आता दोन्ही कॉइल एकाच दिशेने गुंडाळल्या तर दोन्ही पिकअप चालू असताना हम (विजेच्या तारांमुळे येणारी घुंऽ आवाजाची गुणगुण) तसाच राहतो. एक उलट गुंडाळली तर हम जातो, पण दोन पिकअपमधले स्ट्रिंगचे सिग्नल उलट फेजमध्ये येऊन, म्हणजे एकमेकांना मारून, खर्ज पोकळ होतो. 'कांड्या उलट्या ठोका' हे फोनवरचे उत्तर पटणारे नाही: मग सपाट टोके वर येतात. आणि वेढे थेट कांड्यांवर असल्याने, गुंडाळून झाल्यावर कांडी हलवली की आतली तार तुटते.

वेढे घट्ट बसावेत म्हणून कॉइल ज्यात बुडवायची ते मेण पत्रकात 90 अंश सेल्सिअसला तापवायला सांगितले आहे. त्यात प्लॅस्टिकची बॉबिन वाकडी होईल. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाश्यांचे मेण आणि 65 अंश पुरेसे. गुंडाळण्यापूर्वी कांड्यांवर टेप किंवा लॅकर लावायचे, नाहीतर इनॅमल खरवडून वेढे शॉर्ट होतात. याचा पत्रकात उल्लेखच नाही.

तरी एडब्ल्यूजी 42 ची किमान 3,000 मीटर तार, दक्षिण ध्रुवाच्या आठ कांड्या आणि दुरुस्त पत्रक 15 दिवसांत आपल्या खर्चाने पाठवावे. ते जमत नसेल तर किट परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. रिळावर यापुढे तारेची जाडी मिलिमीटरमध्ये छापावी.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, रिळाच्या लेबलचे व मल्टिमीटरवरील आकड्यांचे फोटो