ती सुमारवरची तोफ

खेड, रविवार रात्र

पक्या मेल्या,

दिवाळीपासून तुझे तीन मिस्ड कॉल पडलेत आणि मी एकदाही उलटा फोन केला नाही, मान्य. आईची शुगर ठीक, माझा गुडघा होता तसाच. आता ऐक, फोनवर बोलता येत नाही कारण पुतण्या इथेच मुक्कामाला आहे.

काल रसाळ-सुमार-महिपत हे तिन्ही किल्ले एका दिवसात केले. या वेळी खरंच केले.

पोरानेच हट्ट धरला, काका तुम्ही आणि पक्याकाकांनी १९९८ ला केलं मग आपण का नाही. पहाटे टॉर्च लावून रसाळवाडीतून निघालो. वर झोलाईच्या देवळाजवळच्या तोफा बघून म्हणतो, "सुमारवरची पण अशीच आहे ना?" तिथेच पोटात गोळा आला. सुमारच्या तोफेवर बसून चटणी-भाकर खाल्ली हे कँटीनमध्ये तू ठोकून दिलंस, मी नुसती मान हलवली. २५ वर्षं हलवतोच आहे.

धनगरवाड्यानंतर कारवीतून अंग सोलवटत सुमारच्या कातळाखाली आलो तर तिथे आता लोखंडी शिडी. पोरगा शिडीकडे बघतो, मग माझ्याकडे. "तेव्हा शिडी नव्हती ना, मग तुम्ही कुठून चढलात?" मी कातळातली एक भेग दाखवली, म्हटलं इथून. त्याने फोटो काढला रे! भेगेचा! घरच्या ग्रुपवर टाकलाय, खाली लिहिलंय 'काकांची वाट'.

वर कातळात कोरलेली खांबांची टाकी, गुहेत शंकराची पिंड, आणि मी सगळं जन्मात पहिल्यांदा बघत असूनही चेहरा असा की रोजचं अंगण. जरा डोळे भरून बघावं तर ते पण करता येईना. पोरगा गवतात तोफ शोधतोय, चांगला अर्धा तास. शेवटी म्हटलं गेली असेल कोसळून दरीत. पिंडीसमोर.

तेव्हा आपण सुमारला बगल देऊन पायथ्याने आडवं मारलं ते तुझी स्लीपर तुटली म्हणून. मी कातळ बघून टरकलो हे तुझं पेटंट, पण स्लीपर आधी तुटली, हे मी सरणावरून पण उठून सांगेन.

महिपतला पारेश्वराच्या देवळात पाठ टेकली तेव्हा ऊन कललं होतं, समोर मकरंदगड, पायात गोळे आणि पोरगा शांतपणे सांगतोय की जानेवारीत परत यायचं, पक्याकाकांना घेऊन, तोफ नक्की कुठे होती ते तेच दाखवतील. तुझा नंबर त्याने माझ्या मोबाईलमधून केव्हाच काढलाय. अंधारात दहिवलीकडे उतरताना मी एक शब्द बोललो नाही, तो समजला काका दमले.

खरं सांगून टाकू का? पण एक टाका उसवला की हर्णैहून सुवर्णदुर्गापर्यंत पोहत गेलो ते पण उसवेल, आणि ते मी बायकोला लग्नाआधी सांगितलंय. तू आलास तर निदान गुडघ्याचं कारण देऊन रसाळवरच बसून राहू, तोफा तिथे आहेतच.

नवीन फ्लॅटला पाणी नीट येतं का? लेकीची बारावी ना यंदा, वहिनींना नमस्कार.

त्याचा फोन आला तर उचलू नकोस. आधी मला कर, पण नऊनंतर, तोवर तो माझ्याच ताटाला ताट लावून बसलेला असतो.

तुझाच,
बाळ्या