नुसते बसून गाडी पळत नाही

महोदय,
‘पळते ते इंजिन, चालक नुसता बसतो’ हा मोटार शर्यतींवरचा आक्षेप ब्रेकच्या पेडलपाशीच ढासळतो. फॉर्म्युला वनमध्ये जोरात ब्रेक लावताना पायाने १०० किलोंहून अधिक दाब द्यावा लागतो, तोही प्रत्येक फेरीत अनेकदा. वेगवान वळणावर गुरुत्वाच्या पाचपट बल येते. डोके आणि हेल्मेट मिळून ६-७ किलो धरा, म्हणजे मानेवर तीस किलोंहून जास्त भार, आणि तो आडवा! मान थकली की डोके कलते, नजर ढळते, ब्रेक उशिरा लागतो. अग्निरोधक कपड्यांत घाम वाळत नाही, अंग तापतच जाते. २०२३च्या कतार शर्यतीत उष्णतेमुळे चालक एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, लोगन सार्जंटला शर्यत सोडावी लागली. इंडिकार या अमेरिकी शर्यतमालिकेत तर पॉवर स्टिअरिंगही नसते, चाक हातांच्या ताकदीनेच वळवावे लागते.
– एक वाचक