सोपा आणि सोफा

प्रिय शैले,

तुझा फोन मी दोनदा कट केला आणि "नंतर करते" असा मेसेज टाकला, त्याला आता चार महिने होतील, तेव्हा आधी काय शिव्या घालायच्यात त्या घालून घे आणि मग पुढं वाच. माझी शुगर आहे तिथंच आहे, यांचा गुडघा पण आहे तिथंच, सासूबाई ८८ पूर्ण आणि अजून मला चहात साखर कमी म्हणून ओरडतात. तब्येतीचं झालं.

दादा येऊन गेला.

हो, आमचाच दादा. श्रावणात, संध्याकाळी साडेसहाला फोन, "स्वारगेटला उतरलोय, तुझं घर कुठनं?" बास एवढंच. नऊ वर्षांनी. मी तशीच गॅसपाशी उभी, हातात झारा, यांनी विचारलं कोण गं, मला नावच सांगता येईना. धाकट्याच्या हॉस्टेलच्या कामाला आला होता, ऑफिस बंद झालेलं, लॉजवर राहणार होता पण मग काय मनात आलं कुणास ठाऊक. येताना गुळाची ढेप आणि काकवीची बाटली. श्रावण होता म्हणून मटणाचं टळलं, पिठलं-भाकरी केली, तीन भाकऱ्या खाल्ल्यान, सासूबाईंच्या पाया पडला, यांच्याशी उसाच्या बिलावर बोलला. घराचा विषय त्यानंही काढला नाही आणि मीही नाही. तुला वाटत असेल रडारड झाली असेल, काही नाही, आम्ही बातम्या बघितल्या.

आणि मग झोपायची वेळ झाली.

मधुराची खोली आता सासूबाई आणि त्यांच्या बाईंची आहे. राहिला हॉल, आणि हॉलमधला तो सोफा कम बेड, जो तू मागं बघून म्हणालीस की "हा सोफा पण कम आणि बेड पण कम", तेव्हा मला राग आला होता, आता नाही. चार वर्षांपूर्वी सेलमध्ये ऑनलाइन घेतलेला. फोटोत एक गोरी बाई त्याच्यावर कॉफी पीत होती. खालून लोखंडी सांगाडा ओढायचा, तीन घड्या उलगडायच्या, वर तीन इंचांची गादी, आणि दोन घड्या जिथं जुळतात तिथं बरोब्बर कमरेखाली एक आडवा दांडा येतो. मला हा दांडा माहीतच नव्हता गं! आपल्या घरात आपण पाहुण्याच्या जागी कधी झोपतो? मधुरा येते ती माझ्याजवळ झोपते, जावई एकदा झोपले होते पण ते जावई, ते कशाला बोलतील.

रात्री तीनला मी पाणी प्यायला उठले तर दादा खाली फरशीवर. बेडवरची चादर खाली ओढून घेतलेली, डोकं चपलांच्या रॅकपाशी आणि पाय डायनिंग टेबलाखाली, खुर्च्यांच्या पायांमधनं काढलेले. जागा होता. म्हणाला, "काय न्हाय गं, मला जमिनीवरच झोप येती." मी काय बोलणार, सतरंजी आणून दिली. पहाटे साडेपाचला आंघोळ करून तयार. दारात चपला घालताना मी म्हटलं, दादा, नीट झोप नाही झाली तुझी. तर माझ्याकडं न बघता म्हणतो,

"तुझ्या सोफ्यापरास आपला सोपाच बरा."

आणि गेला. चहासुद्धा अर्धाच.

शैले, आता सांग मला, हा टोमणा होता का चेष्टा? तेव्हापासून मी या एका वाक्यावर जगतेय. सोपा म्हणजे काय ते तुलाच कळणार, इथं कुणाला सांगितलं तर त्यांना वाटतं मी फर्निचरचं बोलतेय. तो सोपा, गावच्या घराची ओसरी, जिथं मे महिन्यात बारा-पंधरा माणसं ओळीनं झोपायची, तू पण झोपलीयस, आणि रात्री मांजर तुझ्या अंगावरनं गेलं म्हणून अख्खी आळी उठवलीस. आणि त्याच घराच्या हक्कसोडवर मी सही केली नाही. तो घराचं बोलला का झोपेचं? यांना विचारलं तर म्हणतात, "अगं कंबर दुखली त्याची, तेवढाच अर्थ." यांना सगळ्याचा तेवढाच अर्थ असतो. सही न करण्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही हां, मुलीचा हिस्सा मुलाएवढाच हे २००५ पासून कायद्यात आहे, आणि मला घर नको होतं, मला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. पण ते वेगळं आणि नऊ वर्षांनी दारात आलेल्या माणसाला लोखंडी दांड्यावर झोपवणं वेगळं. त्याला वाटलं असेल का मुद्दाम केलं?

दुसऱ्या रात्री मी स्वतः त्या बेडवर झोपले. दीडला उठून आत गेले.

तर भाऊबीजेला त्याला बोलवायचं ठरवलंय, म्हणजे अजून बोलवलं नाही, आधी झोपायची सोय करायची मग बोलवायचं. तेव्हापासून मी सोफ्यांच्या मागे लागलेय. यांनी तर माझं नावच सोफिया ठेवलंय. पहिलं काम काय केलं तर जुन्या पेपरांची पानं सेलोटेपनं जोडून हॉलमध्ये बेडच्या मापाची अंथरली, सहा बाय पाच. तर दार अर्ध्यावर अडतंय, टीपॉय गॅलरीत न्यावा लागतोय, आणि सासूबाईंच्या बाईला रात्री किचनमध्ये जायचं तर पाहुण्याच्या डोक्यावरनं उडी. मग पाचाचे चार केले. दुकानात हॉल केवढा मोठा असतो, तिथं सगळंच छोटं दिसतं, आणि मग घरी आणल्यावर हत्ती.

आणि प्रकार किती, बाई गं. एक तो पाठ पाडायचा, कट्कन आवाज होतो आणि पाठ आडवी, उघडायला सोपा, पण मधे लांबीला चीर राहते आणि एकटा माणूस झोपला तर नेमका त्या चिरेत. शिवाय बसायची जागा दोन फूट खोल होते, पाठ टेकायची तर पाय उचलायचे, तू बसलीस तर तुझे पाय लोंबकळतील, लहान मुलांना बसवतात ना सलूनमध्ये फळीवर, तसे. एक एल शेपचा, खाली स्टोरेज, आमच्या हॉलला तो म्हणजे निम्मा हॉल. एक नुसता फोमचा घडीचा, जमिनीवरच पसरतो, तो यांच्या गुडघ्याला नको, खाली बसले की क्रेन लागेल.

फोमचं तर मी आता लेक्चर देऊ शकते. सगळे "फोर्टी डेन्सिटी आहे मॅडम" म्हणतात, मला वाटायचं फोर्टी म्हणजे कडक. तर तसं नाही, डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो ते, त्याचा मऊ-कडकशी थेट संबंध नाही. चाळीसचा मऊ पण असतो, कडक पण असतो, फक्त हलक्या फोमपेक्षा तो उशिरा बसतो. आणि रिबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला, तो फळीसारखा, खाली घालायला चांगला, नुसता त्याच्यावर झोपलं तर सोप्यातच झोपल्यासारखं. (बघ, परत तेच.)

पण खरा घोळ लांबीचा. दादाची उंची! दुकानदार म्हणतात सहा फूट आहे ना, सगळे सहा फुटांवर झोपतात. पण ते सहा फूट सोफ्याच्या दोन हातांच्या मधले, डोकं एका हाताला आणि पाय दुसऱ्या हाताला, माणूस काय पेटीत भरायचाय? म्हणून मी काय केलं, हसू नकोस, आमच्या वरच्या मजल्यावर एक भाड्यानं राहणारा पोरगा आहे, चांगला उंच, त्याला शनिवारी वडापाव कबूल करून दुकानांत घेऊन गेले आणि प्रत्येक सोफ्यावर आडवं पाडलं. दुकानदारांची तोंडं बघायला हवी होतीस. एकानं विचारलं, मुलाचं लग्न ठरलंय का. पोरगा गुणी, प्रत्येक सोफ्यावर दहा मिनिटं पडून रिपोर्ट द्यायचा, "काकू, टाचा बाहेर", "काकू, मान ठीक पण इथं काहीतरी टोचतंय". चौथ्या दुकानात झोपलाच.

मधुरानं तुर्भ्याच्या आयकियात पण नेलं, तिच्या घरापासून जवळच. तिथं निदान बेड उघडून ठेवलेले असतात, कुणी पडलं तर हाकलत नाहीत, पोरं उड्या मारत होती. पण सामान घरी आणून स्क्रू आपणच पिळायचे म्हटल्यावर मी यांच्याकडं बघितलं. देवघराची फळी आठवतेय ना तुला? तीच ती, जिच्यावरनं गणपती घसरायचा.

शेवटी कोंढव्याकडं एक कुशनवाले चाचा सापडले, करून देतात. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बैठने का चाहिए या सोने का?" मी म्हटलं दोन्ही. म्हणाले, दोन्ही नसतं मॅडम, एक पहिलं असतं, वर्षातनं पाहुणे किती रात्री? मी मोजलं, बारा. तर हे मागनं लगेच, "बारा रात्रींसाठी ३५३ दिवस मी का शिक्षा भोगायची?" यांचं अगदीच चुकत नाही, दिवसभर टीव्हीसमोर तेच बसतात. बैठक १७-१८ इंच उंच हवी, खाली ओढायचा बेड असला की एकतर ती फार खाली जाते नाहीतर गादी पातळ करतात, म्हणजे गुडघा वाचवा नाहीतर कंबर. आम्ही त्या दुकानात वीस मिनिटं भांडलो. चाचा चहा पीत होते.

ठरलं ते असं. लाकडी पट्ट्यांचा, पट्ट्या एकमेकांत घुसलेल्या, पुढं ओढला की दोनाचे चार फूट. हात नाहीत, म्हणजे पाय अडत नाहीत. खाली रिबॉन्डेड, वर मऊ चाळीसचा, मिळून पाच इंच. कव्हरला चेन, रेक्झिन नाही, उन्हाळ्यात मांडीला चिकटतं. दोन गाद्यांमधली चीर राहणारच, त्यावर आईची वाकळ टाकायची. वाकळ माझ्याकडंच आहे, तेवढी एक वाटणी बिनबोभाट झाली होती. २४,००० सांगितले, बावीसला येतील. जुना कुणाला द्यायचा हा प्रश्नच आहे, मला कुणाचाच एवढा राग नाही.

आणि इथं अडलंय. चाचा म्हणतात, लांबी किती ठेवू, बहात्तर इंच, पंचाहत्तर का अठ्ठ्याहत्तर? अठ्ठ्याहत्तर केला तर गॅलरीचं दार पुरतं उघडत नाही, बहात्तरमध्ये त्याच्या टाचा बाहेर. आणि मला सख्ख्या भावाची उंची माहीत नाही. सहा असेल, सहा-दोन असेल. त्याला विचारू कसं? वहिनीला विचारलं तर तिला वाटेल शर्ट शिवतेय.

तुला माहीत असणार. १९९० साली आमच्या परसात उभी राहून तूच म्हणाली होतीस, "तुझा भाऊ सहा फूट अमुक आणि मी चार फूट अकरा, मला जन्मभर मान वर करून भांडता येणार नाही." अमुक म्हणजे किती ते तू इंचांत बोलली होतीस, पण मी तेव्हा एवढी चिडलेली की पुढचं ऐकलंच नाही. दीड वर्ष बोलले नाही तुझ्याशी. तुझ्या लग्नात अक्षता टाकून न जेवता निघून आले, आणि जिलबी होती हे नंतर कळलं, ते मात्र अजून लागतं. तुझं बरोबर होतं की चूक ते आता जाऊ दे, अनिलराव चांगलेच आहेत, पण सहा फूट किती, ते आठव.

आणि दुसरं पण तूच सांगू शकतेस. दादा चेष्टा करतो तेव्हा डावा कान ओढतो हे तूच मला पहिल्यांदा दाखवलेलंस, घरातल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या पहाटे मी बघितलं ना. पण डाव्या हातात बॅग होती.

अनिलरावांचं मोतीबिंदूचं झालं ना? मिरजेतच केलंत का? नातीचा फोटो बघितला, नाक तुझ्यावर गेलंय, बिचारी. तुझ्या त्या गच्चीच्या गळतीचं काय झालं, त्या माणसानं पैसे परत दिले का? सविस्तर लिही, नाहीतर बोलूच.

गुरुवारी चाचांना ॲडव्हान्स द्यायचाय, त्यानंतर लाकूड कापणार. त्याच्या आत फोन कर. दुपारी दोन ते चार, हे झोपलेले असतात.

तुझीच,
वंदी

ता.क. दादाला तू परस्पर फोन करू नकोस. आणि केलासच तर सोफ्याचं बोलू नकोस.