यंदा तू दाराच्या आत उभा राहा

मेक्सिको सिटी, २ डिसेंबर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्याहून १८ तारखेला येथे पोहोचशील, असे तुझ्या बाबांकडून कळले. आपल्या गल्लीत १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री जो पोसादा, म्हणजे येशूच्या जन्मापूर्वी मरिया आणि योसेफ यांनी दारोदार निवारा मागितला त्याच्या आठवणीचा सोहळा, होतो, त्यातली २० तारखेची रात्र यंदा आपल्या घराच्या वाट्याला आली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आजवर तू बाहेरच्या घोळक्यात, मरिया आणि योसेफ यांच्या मूर्तींमागे मेणबत्ती धरून चाललास आणि निवारा मागणारी कडवी गायलास. यंदा आपण यजमान असल्यामुळे तुला आत उभे राहून नकार गायचा आहे: ही धर्मशाळा नव्हे, तुम्ही चोरही असू शकाल, पुढे चला, अशा अर्थाची ती कडवी आहेत. गेल्या वर्षी एका घरी ती पुटपुटून उरकली गेली आणि दार लगेच उघडले, ते मला मुळीच रुचले नाही. बाहेर थंडीत उभ्या असलेल्यांना आपण खरोखरच परके आहोत असे घटकाभर वाटले पाहिजे; मरियेची ओळख पटल्यावर उघडणाऱ्या दाराचा आनंद त्यानंतरचा आहे.

आपण पाहिलेला, मेक्सिको सिटीजवळच्या आकोल्मान गावचा मठ तुला आठवत असेल. नाताळापूर्वी नऊ दिवस मिस्सा, म्हणजे चर्चचा मुख्य उपासनाविधी, साजरी करण्याची परवानगी तेथील ऑगस्टिनियन धर्मगुरूंना १५८७ साली पोप सिक्स्टस पाचवे यांच्याकडून मिळाली, आणि अझ्टेकांच्या उइत्झिलोपोच्त्ली या देवाचा उत्सवही याच सुमारास येत असल्यामुळे जुन्या सणाच्या जागी नवा सण बसविणे त्यांना सोयीचे झाले. सात पापांची सात टोके असलेली, खाऊ भरून टांगलेली पिन्याता डोळे बांधून काठीने फोडण्याची रीतही तेथलीच सांगतात. आपली पिन्याता पुठ्ठ्याची नको, मातीच्या मडक्याचीच आणू. दहीहंडी पाहत वाढलेल्या माझ्यासारखीला पुठ्ठा फुटल्याचा आवाज फुटल्यासारखा वाटत नाही. आत उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा आणि संत्री भरू.

पोंचे हे फळांचे गरम पेय मी करीन. पेरू, ऊस, दालचिनी, पिलोन्सियो नावाचा येथला गूळ आणि तेहोकोतेची पिवळी आंबटसर फळे एकत्र उकळायची असतात. चिंच आणू नकोस. ती येथे भरपूर मिळते, आणि शेजारच्या आजींना तर ती मेक्सिकोचीच वाटते.

आपण वसईहून आलो त्या पहिल्या डिसेंबरात दारामागचा नकार तुला खरा वाटला होता आणि तू माझा पदर धरून हुंदके देऊन रडला होतास. यंदा बाहेर असे एखादे पोर रडू लागले, तरी घाईने कडी काढू नकोस. कडवे पूर्ण म्हण, मग दार उघड आणि सर्वांत आधी त्याला आत घे.

तुझी,
आई