कोड रीडर स्वस्त चालेल, पण कोड पुसण्याआधी लिहून ठेवा

संपादक महोदय,

‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला की गॅरेजात टेस्टर लावतात, दोन मिनिटांत ‘सेन्सर गेलाय’ म्हणतात आणि बिलात टेस्टरचे पैसे वेगळे लागतात. नेमका कोणता कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) आला होता, ते मात्र गाडीमालकाला कागदावर मिळत नाही. त्यामुळे हल्ली बरेच जण चार-पाचशे रुपयांचा कोड रीडर ऑनलाइन मागवतात. मागवावाच. फक्त ‘सर्व गाड्यांना चालतो’ या ओळीवर जाऊ नये.

आधी गाडी बघा. आपल्याकडे बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी टप्पा) गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःच बिघाड नोंदवायची पद्धत) एप्रिल २०१३ पासून सक्तीचे झाले. पण मुंबई-पुण्यासारख्या शहरांत बीएस-४ २०१० सालीच आले असले, तरी देशभर ते एप्रिल २०१७ ला लागू झाले. म्हणजे छोट्या गावात पासिंग झालेली २०१५ ची गाडी बीएस-३ असू शकते आणि तिथे साधा रीडर मुका राहण्याची शक्यता आहे. स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते, त्यात टॉर्च मारा. रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीतली डावीकडून सहावी पिन आणि तिच्या बरोबर खालची, अशा दोन्ही जागी धातूची पट्टी दिसली तर गाडी बहुधा ‘कॅन’वर (गाडीतल्या संगणकांच्या बोलण्याची नवी पद्धत) बोलते, तिला जवळपास कोणताही रीडर चालतो. तिथे काही नसून वरच्या ओळीत सातवी पिन असेल तर ती जुनी ‘के-लाइन’. स्वस्त रीडर इथेच अडकतात. विक्रेत्याला के-लाइन चालते का ते आधी विचारा.

सॉकेटात बसवून मोबाइलशी जोडायच्या ब्लूटूथ डोंगलवर ‘ईएलएम३२७, व्ही १.५’ असे छापलेले असते. ही चिप मूळ कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, आणि १.५ ही आवृत्ती त्या कंपनीने कधी काढलीच नाही. ‘२.१’ छापलेल्या नकलांत तर कितीतरी कमांड गाळलेल्या असतात. तेव्हा खोक्यावरचा आकडा सोडा आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते बघा. आयफोनवाल्यांनी साधे ब्लूटूथ घेऊ नये. ब्लूटूथ एलई किंवा वायफायचे घ्यावे. मोबाइलची जोडाजोडी नको असेल तर वायरचा, स्वतःचा पडदा असलेला रीडर थोडा महाग पडतो, पण डोकेदुखी कमी.

वस्तू आल्यावर सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला लावा. चावी ऑन, इंजिन बंद. कूलंटचे तापमान बाहेरच्या हवेच्या आसपास दिसले पाहिजे. इंजिन सुरू केल्यावर आरपीएम डॅशबोर्डशी जुळले पाहिजेत. मग चार गोष्टी सापडतात का पाहा: पक्के कोड, पेंडिंग कोड (अजून पक्के न झालेले), फ्रीज फ्रेम (कोड पडला त्या क्षणीचा वेग, तापमान, लोड) आणि ‘रेडिनेस मॉनिटर’ (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते). ही चार दाखवणारा रीडर घरगुती वापराला पुरे. एबीएस आणि एअरबॅगचे कोड या किमतीत बहुधा वाचता येत नाहीत. त्याची अपेक्षा ठेवू नका. रीडरचा दिवाच लागला नाही तर आधी फ्यूज तपासा. बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटर आणि हे सॉकेट एकाच फ्यूजवर असतात. (त्याच सॉकेटात घालायचे ‘मायलेज वाढवणारे’ यंत्रही विकायला आहे. त्यात दिवे लुकलुकण्यापलीकडे काही होत नाही.)

खरी चूक होते ती कोड मिळाल्यावर. कोड म्हणजे बदलायच्या पार्टचे नाव नव्हे. पी०१७१ म्हणजे इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतेय, एवढेच. यावर ऑक्सिजन सेन्सर बदलणे ही सर्वांत महागडी सवय. रीडरवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ (संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा) लावा. आयडलला ते अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल तर कुठेतरी व्हॅक्यूमची नळी फाटलीय. उलट आरपीएमबरोबर वाढत असेल तर पेट्रोलचा दाब किंवा हवेचा सेन्सर बघा. पेट्रोलवर ठीक आणि बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटवरच बिघडत असेल तर किटचे ट्यूनिंग करून घ्या. सेन्सरला हात लावू नका.

पी०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) असेल तर इंजिन बंद करून, गार झाल्यावर तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०२ आला तर कॉइल गेली. पी०३०३ च राहिला तर प्लग, मग इंजेक्टर. या खटपटीला एक पानाही पुरतो. दिवा मात्र लुकलुकत असेल तर असले प्रयोग रस्त्यावर नकोत; न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळते. पाय हलका करून गाडी बाजूला घ्या.

जुनी गाडी घेताना हाच रीडर जास्त कामाला येतो. कोड शून्य, पण बरेचसे मॉनिटर ‘अपूर्ण’ आणि ‘कोड पुसल्यापासूनचे अंतर’ आठ-दहा किलोमीटर दिसले, तर दिवा आदल्या दिवशी घालवलाय किंवा बॅटरी काढली होती, असे धरून चाला. शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा बघायचे ठरवा.

काम झाले की रीडर काढून ठेवा. सोळाव्या पिनला चावी बंद असतानाही बॅटरी असते. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते.

गॅरेजचालकांना एक विनंती. जॉब कार्डवर कोडसाठी एक रकाना छापावा आणि पुसण्याआधी तो भरावा. कोड एक अक्षर आणि चार अंकांचाच असतो; अर्धी ओळ पुरेल.

एक वाहन-इलेक्ट्रिशियन, नाशिक