सुमे, पडून राहू नकोस

त्रिमूर्तीनगर, नागपूर
१२ मे

प्रिय सुमे,

तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. येत्या सोमवारी तुझी स्तनाच्या कॅन्सरची पहिली केमो, आणि घरचे सगळे सांगताहेत की आता सहा महिने पडून राहा. म्हणून उजाडताच लिहायला बसले. पडून राहू नकोस गं.

गेल्या मे महिन्यात मीही तेच केलं. कूलर सुरू, पडदे ओढलेले, नऊ दिवस पलंग सोडला नाही. दहाव्या दिवशी बाथरूमला जाताना पाय असे लटपटले की भिंत धरावी लागली. डॉक्टर बाई म्हणाल्या, हा थकवा नुसता औषधाचा नाही, हालचाल थांबल्याचाही आहे. पडून राहिलं की स्नायू गळतात, मग उठणं आणखी जड जातं, आणि माणूस पुन्हा पडतं.

मग सैपाकखोलीपासून गॅलरीपर्यंत चालायला लागले. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच. कालनिर्णयवर दुधाच्या नोंदीखाली लिहायची, 'चाल ५'. तिसऱ्या केमोपर्यंत त्याच चौकटीत 'चाल २०' आलं, तेव्हा मी ते बोटानं गिरवून पाहिलं होतं.

तुझीही केमो दर २१ दिवसांनी आहे, तर दिवस ओळखून चाल. पहिले तीन-चार दिवस मळमळ असते, तेव्हा घरातल्या घरात चार फेऱ्या पुरेत. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात आणि संसर्ग पटकन होतो, म्हणून तेव्हा बाग नाही, जिम नाही, गर्दी नाही. शेवटच्या आठवड्यात अंगात जीव येतो, तेव्हा मिनिटं वाढव. मी त्या दिवसांत पहाटे साडेपाचला अंबाझरी तलावावर जायची. आठ वाजता तर आपल्याकडचं ऊन अंगावर येतं. वेग इतकाच, की चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणायला दम पुरू नये.

ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताचं मात्र नीट ऐक. ऑपरेशननंतर आमची आत्या म्हणाली, "त्या हातानं पाण्याचा गुंड उचलू नको वं, जन्मभर." मी घाबरून हात पोटाशी धरून बसले आणि खांदा आखडला. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढता येईना. मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी भिंतीवर बोटं चढवायला लावली. जिथवर पोचले तिथं पेन्सिलची रेघ, दुसऱ्या दिवशी तिच्या वर. पुढे अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. २००९ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, स्तनाच्या कॅन्सरनंतर हात सुजलेल्या १४१ बायकांवरचा. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवलं तर सूज वाढली नाही, उलट त्रास बळावण्याचं प्रमाण कमी झालं. आधी तुझ्या सर्जनला विचार, आणि हात जड वाटला किंवा सुजला तर थांब.

व्यायामानं कॅन्सर बरा होतो असं मी म्हणत नाही. औषधाचं काम औषधच करतं. पण ते झेपायला अंगात बळ लागतं. कॅनडात २४२ बायकांवर अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. त्यात केमो सुरू असताना वजनाचे व्यायाम करणाऱ्यांना ठरलेला डोस जास्त प्रमाणात पुरा घेता आला. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर ते नऊ दिवस वाया गेले नसते.

ताप १००.४ झाला तर चालणं-बिलणं काही नाही, रात्र असली तरी दवाखान्यात फोन कर. छातीत दुखलं, चक्कर आली, बसल्या जागी धाप लागली तरी तसंच. केमोतल्या लाल रंगाच्या औषधाचा भार हृदयावर येतो, म्हणून टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून, हिमोग्लोबिन किती ते सांगून, किती चालू ते विचारूनच घे. पुढे टॅक्सॉल हे केमोचं दुसरं औषध सुरू झालं की तळव्यांना मुंग्या येऊ शकतात, चप्पल पायातून निसटते तेही कळत नाही. बूट आताच घेऊन ठेव, थोडे सैल.

मंगळवारी सकाळी सहाला फोन लावते. तू यवतमाळला अंगणात चाल, मी इथं गॅलरीत. पाचच मिनिटं. बोलताना दम लागला की सांग, मीही थांबेन.

तुझीच,
कुंदा