पंप दुरुस्त केला की आकड्यांची चिठ्ठी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी निपाणी भागातला, एका ट्रकचा मालक आणि ड्रायव्हर पण मीच. सीझनला ऊस, बाकी वर्षभर कागल एमआयडीसीतून बेळगावच्या उद्यमबागला कास्टिंगचा माल, असा धंदा. आमच्याकडं जुन्या गाडीला टर्बोचं, म्हणजे जादा हवा कोंबणारं, इंजिन बसवणारे बरेच आहेत, मी पण बसवलं, आणि टर्बो सगळे बघतात पण सिलिंडरला डिझेल मोजून सोडणाऱ्या पंपाचं कोण बघत नाही म्हणून हे पत्र.

गाडी केए-२३ पासिंगची, सहा सिलिंडर, बिनटर्बोची. इंजिन पार संपलं म्हणून त्याच कंपनीचं टर्बोवालं जुनं इंजिन घेतलं, आरटीओत अर्ज करून आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवून घेतला (हे कुणी टाळू नका, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, परवानगी नसली तर अ‍ॅक्सिडेंटच्या वेळी इन्शुरन्सवाला पहिलं तेच काढतो). पण इंजिन मिळालं ते पंपाशिवाय. जिथं काम टाकलं तिथं म्हणाले, मालक, तुमचा जुनाच पंप चालतोय की, थोडं डिझेल वाढवून देतो. स्क्रू फिरवला, गाडी हातात दिली. दोन महिने मी लई खूश, काय पिकअप, काय ओढ, काळा धूर यायचा पण टर्बो आहे म्हटल्यावर येणारच असं सगळे म्हणायचे.

मग मार्चात भरलेली गाडी घेऊन तवंदी घाट चढत होतो, ऊन कडक, गिअर टाकायचा कंटाळा म्हणून वरच्याच गिअरमध्ये रेटत होतो, आणि एकदम ओढ गेली, ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ सोडणाऱ्या नळीतून) भसाभसा धूर. हेड खोललं तर तीन नंबरच्या पिस्टनला नोझलमधून डिझेलचा फवारा पडतो तिथं खड्डे, आणि मेणबत्ती ओघळावी तसं अ‍ॅल्युमिनियम ओघळून लायनरला चिकटलेलं. तो पिस्टन अजून माझ्या घरात खिडकीत आहे.

तीन नंबरच का गेला हे दुसऱ्या एका पंपवाल्या अण्णांनी दाखवलं. पंप टेस्ट बेंचवर लावला, समोर काचेच्या सहा नळ्या, प्रत्येक सिलिंडरचं डिझेल आपापल्या नळीत. हजार स्ट्रोक, म्हणजे हजार वेळा डिझेल सोडून झालं आणि मशीन थांबलं तेव्हा पाच नळ्या ८५ सीसीच्या आसपास आणि तीन नंबर ९८ वर. म्हणजे स्क्रू फिरवणाऱ्यानं बेंचवर लावलाच नव्हता, नाहीतर हे डोळ्याला दिसतंय.

आता किती पाहिजे होतं? अण्णांनी कागदावर मांडून दिलं ते सांगतो, कारण हे गणित कुठल्याही ट्रकवाल्याला जमण्यासारखं आहे. डिझेल इंजिनमध्ये हवा किती जातेय त्यावर डिझेल ठरतं, उलटं नाही. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलो हवा लागते, पण सिलिंडरमध्ये सगळी हवा डिझेलला भेटत नाही म्हणून काळा धूर नको असेल तर २० किलोच्या वर धरायची. माझं इंजिन पावणेसहा लिटरचं. २००० आरपीएमला बिनटर्बो जेवढी हवा ओढतंय त्यात एका स्ट्रोकला साधारण ५० क्युबिक एमएम डिझेल बसतं, बेंचच्या भाषेत हजार स्ट्रोकला ५० सीसी. टर्बोनं पाऊण बारच्या आसपास प्रेशर दिलं आणि मध्ये ती हवा थंड करणारा इंटरकूलर असला की हवा दीडपट, म्हणजे ७५ सीसी. माझ्या पंपातून जात होतं ८५, आणि एका बिचाऱ्या सिलिंडरला ९८. जास्तीचं डिझेल ताकद होत नाही हो, धूर आणि उष्णता होतंय.

त्यात नोझल जुनेच, बिनटर्बोच्या भोकांचे. भोक तेवढंच आणि डिझेल दीडपट म्हटल्यावर फवारा जास्त वेळ चालू राहतो, पिस्टन खाली निघाला तरी जळतच असतं, आणि ती सगळी आग एक्झॉस्टमधून टर्बोवर. शिवाय जुन्या पंपाला बूस्ट कंट्रोल नव्हता. टर्बोच्या पंपावर मागं एक डायफ्रामचा डबा असतो, त्याला इनटेकमधून बारीक पाईप, टर्बोचं प्रेशर तयार झालं की मगच तो रॅकला (पंपातल्या डिझेल वाढवणाऱ्या दांड्याला) पुढं सोडतो. तो नसला की पाय दाबल्याबरोबर पूर्ण डिझेल आणि हवा अजून यायचीय.

मग काय बसवायचं यावर घरात भांडणं झाली. पोरगा म्हणायला लागला कॉमन रेल करूया, म्हणजे एकाच नळीत डिझेल कायम दाबात आणि इंजेक्टर कॉम्प्युटरनं उघडायचे. कॉमन रेल चांगलीच आहे, १६०० बारच्या वर प्रेशर, धूर कमी, २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तीच येते. पण त्याला हाय प्रेशर पंप, रेल, सहा इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर, क्रँक आणि कॅमचे सेन्सर, वायरिंग, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि त्या ईसीयूत माझ्याच इंजिनचा मॅप (कधी किती डिझेल सोडायचं त्याचा तक्ता) पाहिजे, तो कोण करणार? आणि आम्ही उसाच्या फडात कॅनमधून डिझेल ओततो, पावसाळ्यात कॅनमध्ये पाणी, तळाला गाळ, त्या इंजेक्टरना दोन-चार मायक्रॉनची घाण सुद्धा चालत नाही. रात्री खानापूरच्या पुढं जंगलात गाडी बंद पडली तर साध्या पंपाची एअर मी पाना घेऊन स्वतः काढतो, तिथं ईसीयूला काय करणार. दुसऱ्या एकानं मोठा पी टाईप पंप बसव म्हणून सांगितलं, पण पावणेसहा लिटरला त्याची गरज नाही, ब्रॅकेट आणि कपलिंगचा खटाटोप वेगळाच.

शेवटी त्याच टर्बो इंजिनचा ए टाईप इनलाईन पंप (पी टाईपपेक्षा लहान, सगळ्या सिलिंडरचे दट्टे एका ओळीत) शोधला, बूस्ट कंट्रोल असलेला, नोझल पण त्याच नंबरचे सहाच्या सहा नवे. टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप बदलला, पाईपच्या जोडाचे वॉशर सगळे नवीन तांब्याचे, टाकीजवळ पाणी वेगळं करणारा फिल्टर. आणि टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये एक्झॉस्टची उष्णता दाखवणारा पायरोमीटर बसवला, ही सगळ्यात मोलाची वस्तू. तवंदीत वरच्या गिअरमध्ये रेटलं की काटा ७०० डिग्रीकडं जायला लागतो, एक गिअर खाली टाकून आरपीएम वाढवला की मिनिटाभरात ६०० च्या खाली. अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं, पिस्टनच्या आत तेल फिरतं म्हणून तो वाचतो एवढंच. घाट संपल्यावर दोन मिनिटं स्लो चालवून मगच बंद करतो, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतंय.

आता माझी मागणी. पंप दुरुस्त करून देणाऱ्या प्रत्येक दुकानानं मालकाला चिठ्ठी दिलीच पाहिजे, मराठीत द्या नाहीतर कन्नडमध्ये द्या आम्हाला दोन्ही चालतंय, पण त्यात लिहा: एलिमेंट (पंपात डिझेल दाबणारा दट्ट्या) किती एमएमचा, हजार स्ट्रोकला सहाही सिलिंडरचे सीसी, बूस्ट कंट्रोल किती प्रेशरला सुटतो, गव्हर्नर किती आरपीएमला डिझेल तोडतो, नोझलचा नंबर आणि तो किती प्रेशरला उघडतो, टायमिंग (डिझेल कधी सोडायचं ते) किती डिग्री. आणि स्क्रूला सील. रक्त तपासलं तर लॅबवाला कागद देतो, मग गाडीचं हृदय खोलून तोंडी 'झालं बघा मालक' कसं चालेल? आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या पोरांना पण ही चिठ्ठी लिहायची आणि वाचायची सवय लावा, आणि ट्रकमालक संघटनांनी हे दुकानदारांपुढं मांडावं.

माझ्या चिठ्ठीवर सहा आकडे आहेत, ७४ ते ७६ च्या मधले. प्लॅस्टिकमध्ये घालून आरसीच्या मागं ठेवलीय. कुणाला नमुना पाहिजे असेल तर आपल्या पेपरात छापा, मी झेरॉक्स पाठवून देतो.

आपला,
एक ट्रकमालक-ड्रायव्हर, निपाणी